रात्रीत उतरणारी बॅटरी

सकाळी गाडी सुरू न होणे ही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे येणारी अगदी नेहमीची तक्रार. किल्ली फिरवली की नुसती टकटक ऐकू येते, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावतात, कधी तेही लागत नाहीत. धक्का मारून किंवा शेजारच्या गाडीला केबल जोडून इंजिन सुरू होते, दिवसभर गाडी नीट धावते आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. मालकाचे निदान ठरलेले असते: बॅटरी गेली. पुष्कळदा ते बरोबरही निघते. पण बॅटरी उतरण्याची कारणे तीन. तिच्यात साठा धरण्याची ताकद उरलेली नसते, साठा पुरेसा भरला जात नसतो, किंवा गाडी बंद असताना तो कुठेतरी खर्च होत असतो. तिन्हींचे लक्षण एकच दिसते. पहिल्या कारणावर नवी बॅटरी हाच उपाय आहे. उरलेल्या दोन कारणांत नवी बॅटरी काही आठवडे दोष झाकते आणि मग स्वतःही खराब होते. म्हणून या कामात क्रम पाळावा लागतो: आधी बॅटरी, मग चार्जिंग, मग तारा आणि अर्थिंग, शेवटी बंद गाडीतला खर्च. क्रम सोडून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारली, तर बॅटरीच खराब असलेल्या गाडीचे फ्यूज काढण्यात अर्धा दिवस जातो.

मीटर हातात घेण्याआधी मालकाला चार प्रश्न विचारले की काम बरेच सोपे होते. बॅटरी किती वर्षांची आहे? गाडी किती दिवस उभी राहिली की उतरते? रोज किती चालते? आणि अलीकडे गाडीत काय बसवले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत उपयोगी पडते, कारण त्यावरून खर्चाचा अंदाज बांधता येतो. लहान गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. ती धडधाकट असेल आणि तरीही एका रात्रीत, म्हणजे दहा तासांत, पार उतरत असेल तर सतत तीन-साडेतीन अँपिअर जात असले पाहिजेत. एवढा मोठा ग्राहक सहसा लपून राहत नाही. अशा वेळी संशय बॅटरीवरच जास्त येतो. तीन-चार दिवसांनी उतरत असेल तर तीनशे ते पाचशे मिलीअँपिअरचा शोध घ्यायचा हे कळते. शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जण ‘काहीच नाही’ म्हणतात. तरी डॅशबोर्डखाली हात घातला की आधीच्या मालकाने बसवलेला ट्रॅकर सापडू शकतो. त्याचे सिमकार्ड केव्हाच बंद पडलेले असते, पण यंत्र मात्र नेटवर्क शोधत जागे असते.

पहिली पायरी बॅटरीची. मोटारीची नेहमीची बॅटरी शिसे आणि आम्ल यांची. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ती तयार केली आणि मूळ रसायन आजही तेच आहे. आत सहा सेल ओळीने जोडलेले असतात, प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. त्यामुळे पूर्ण भरलेली आणि काही तास निवांत राहिलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जेमतेम पाव. ११.९ च्या खाली ती रिकामीच समजतात. भरलेली आणि रिकामी यांच्यात पाऊण व्होल्टचेच अंतर असल्याने मीटर अचूक लागतो. सेल उतरलेला मीटर स्वतःच चुकीचा आकडा दाखवतो आणि निदान चुकते. चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकत असेल, तर सहापैकी एक सेल आतून शॉर्ट झाल्याची ती खूण आहे. त्या बॅटरीवर आणखी वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

चालत आलेल्या गाडीचा आकडा फसवा असतो. चार्जिंग नुकतेच थांबलेले असल्याने प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज मीटरला फुगवून दाखवतो. हेडलाइट दोन-तीन मिनिटे लावून बंद करावेत, थोडे थांबावे आणि मग मोजावे. त्याहून चांगले म्हणजे गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दार उघडण्याआधी मोजणे. पण बोनेटची कळ आतच असल्याने आदल्या संध्याकाळी बोनेट नुसते टेकवून ठेवावे लागते.

व्होल्टेजवरून बॅटरी किती भरली आहे ते कळते. तिच्यात ताकद किती उरली ते भार टाकल्यावरच कळते. स्टार्टर फिरताना लहान पेट्रोल गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर सहज लागतात, डिझेलला त्याहून जास्त. सेल्फ मारताना टर्मिनलवरचा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. उभ्या गाडीत १२.६ दाखवणारी आणि सेल्फ मारताच आठवर कोसळणारी बॅटरी भरलेली आहे, पण संपलेली आहे. लोड टेस्टरने हीच परीक्षा ठरावीक पद्धतीने घेता येते: थंड अवस्थेत जितका करंट देण्याची बॅटरीची क्षमता आहे त्याच्या निम्मा करंट पंधरा सेकंद ओढायचा आणि आकडा ९.६ च्या वर टिकतो का ते पाहायचे. हातात मावणारे डिजिटल टेस्टर भार न टाकता आतला रोध मोजून निकाल देतात. ते वेगवान आहेत, मात्र त्यात बॅटरीची क्षमता आधी भरावी लागते. तो आकडा अंदाजाने भरला की निकालही अंदाजाचाच मिळतो. कोणत्याही टेस्टरवर अर्धवट उतरलेली बॅटरी तपासणे चूक. आधी ती क्षमतेच्या एक दशांश करंटने, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची असेल तर साडेतीन अँपिअरने, दहा-बारा तास चार्ज करायची आणि मग परीक्षा घ्यायची.

झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर मीटरपेक्षा जास्त बोलतो. भरलेल्या सेलमधल्या आम्लाची सापेक्ष घनता १.२६ ते १.२८ असते, उष्ण प्रदेशात ती मुद्दाम थोडी कमी ठेवतात. सहाही सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी नुसती उतरलेली आहे. पाच ठीक आणि एक ०.०५ हून अधिक खाली असेल तर तो सेल गेला. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचे. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटांना बाधतात.

बॅटरी म्हातारी होते ती उन्हाळ्यात आणि तक्रार येते हिवाळ्यात. विदर्भातल्या मे महिन्यात बोनेटखालची उष्णता प्लेटांची झीज आणि पाण्याचे बाष्पीभवन दोन्ही वाढवते. गाडी तरीही सुरू होत राहते, कारण इंजिनाचे तेल पातळ असते. डिसेंबरात पारा उतरला की तेल घट्ट होते, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि उन्हाळ्यात झालेले नुकसान तेव्हा उघडे पडते. दुसरा शत्रू म्हणजे उतरलेल्या अवस्थेत पडून राहणे. प्लेटांवर जमलेले लेड सल्फेट आधी मऊ असते आणि चार्जिंगने परत विरघळते. आठवडेच्या आठवडे गेले की त्याचे कडक स्फटिक होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांनी हा धडा एकाच वेळी अनेकांना दिला. एक-दोन वर्षांच्या बॅटऱ्याही त्यानंतर पूर्वीसारख्या झाल्या नाहीत.

बॅटरी चांगली ठरली की दुसरी पायरी चार्जिंगची. जुने मिस्त्री अल्टरनेटरला अजूनही डायनामो म्हणतात. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट, एसीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावल्यावरही आकडा साडेतेराच्या खाली फारसा जाऊ नये. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. बॅटरी गरम होते आणि पाणी उडते. अलीकडच्या अनेक गाड्यांमध्ये संगणक गरजेनुसार चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे साडेबारा दिसले म्हणून अल्टरनेटर उतरवायचा नसतो. दिवे लावून, इंजिनाचा वेग बदलून आकडा वर येतो का ते पाहायचे असते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर अल्टरनेटरमधला डायोड गेल्याचा संशय घ्यावा.

इथे एक समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. ‘सेल्फ मारला की बॅटरी फार खर्च होते’ असे सर्रास म्हटले जाते. दोनशे अँपिअर दोन सेकंद ओढले तरी खर्च होतो ०.११ अँपिअर-तास. उलट निरोगी गाडीही बंद असताना घड्याळ, अलार्म, रिमोट लॉक यांसाठी २० ते ५० मिलीअँपिअर घेत असते. पन्नास मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, म्हणजे दहा-अकरा वेळा सेल्फ मारण्याइतका खर्च. सहा दिवस उभी राहून फक्त रविवारी भाजी आणायला निघणारी गाडी त्या सहा दिवसांत साठ-पासष्ट सेल्फांइतकी बॅटरी घालवते. तेवढा साठा दोन किलोमीटरच्या फेरीत, सिग्नलला थांबत, एसी आणि वायपर चालू ठेवून परत येत नाही. अशा गाडीत दोष काहीच नसतो. जमेपेक्षा खर्च जास्त एवढेच. नवी बॅटरी घालूनही ती सहा-आठ महिन्यांनी परत येते. आठवड्यातून एकदा तासभर मोकळ्या रस्त्यावर चालवणे किंवा घरी छोटा चार्जर लावणे हा तिचा इलाज.

तिसरी पायरी तारा आणि अर्थिंग. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड, ढिला नट, आतून कुजलेली अर्थ केबल यांमुळे चांगली बॅटरीही मेलेली वाटते. कोकणात आणि गोव्यात, जिथे हवेत मीठ आणि पावसाळा चार महिन्यांचा, तिथे हे दोष जास्त दिसतात. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी पट्टी बाहेरून धड दिसते आणि वळवली की तुटते. केबलचा रोध मोजून उपयोग नाही. एकच तार शाबूत असली तरी मीटर शून्य दाखवतो. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरे इंजिनाच्या धातूला लावून सेल्फ मारायचा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास असेल तर अर्थ ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तेवढे व्होल्टेज वाटेत अडकते आहे. पॉझिटिव्ह केबलचीही अशीच परीक्षा घ्यायची. पूड साफ करायला खाण्याचा सोडा घातलेले गरम पाणी पुरते.

चौथी पायरी सर्वांत वेळखाऊ. बंद गाडी किती करंट खाते ते मोजायचे आणि खाणारा शोधायचा. अडचण अशी की आजची गाडी किल्ली काढताक्षणी बंद होत नाही. तिच्यातली नियंत्रण यंत्रे एकामागून एक झोपतात. कुठे पाच मिनिटे लागतात, कुठे अर्धा-पाऊण तास. दार उघडले, रिमोट दाबला, बोनेट हलले की ती परत जागी होतात आणि मीटरवर काही अँपिअर दिसू लागतात. चावी न लावता सुरू होणाऱ्या गाडीत किल्ली खिशात ठेवून जवळ उभे राहिले तरी काही वेळा गाडी जागी राहते. मोजणाऱ्याची हालचालच मोजमाप बिघडवते. म्हणून तयारी आधी करावी लागते: दार उघडे ठेवून त्याचे लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवायचे, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखे वाटते, बोनेटच्या लॅचचेही तसेच. फ्यूजबॉक्सचे झाकण काढून ठेवायचे, किल्ली दूर न्यायची आणि थांबायचे.

मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह खांब आणि निगेटिव्ह केबल यांच्यामध्ये जोडतात. केबल आधी काढून मग मीटर जोडला तर मधल्या क्षणी गाडीचा वीजपुरवठा तुटतो. तेवढ्याने अडकलेला रिले सुटतो, गोंधळलेले यंत्र नव्याने सुरू होते आणि ज्या दोषासाठी गाडी आली तोच पुसला जातो. मग मीटर तीस मिलीअँपिअर दाखवतो, गाडी ‘ठीक’ म्हणून परत जाते आणि चार दिवसांनी पुन्हा येते. हे टाळण्यासाठी मीटरची एक तार खांबाला आणि दुसरी केबलच्या टर्मिनलला आधी पक्की करायची, मग टर्मिनल हलकेच वर उचलायचे, म्हणजे करंट अखंड राहून मीटरमधून जाऊ लागतो. या स्थितीत सेल्फ मारला किंवा हेडलाइट लावले तर मीटरचा फ्यूज उडतो. मिलीअँपिअर मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर असेल तर तार सोडावीच लागत नाही. फक्त आधी तो शून्यावर आणावा लागतो.

अर्ध्या-पाऊण तासानंतर आकडा पन्नासच्या आत आला तर गाडी निर्दोष धरावी. अडीचशे, चारशे, सातशे असा कुठेतरी तो थांबला तर खाणारा शोधायचा. रूढ रीत एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते पाहण्याची. जुन्या गाड्यांत ती उत्तम चालते. नव्या गाड्यांत फ्यूज काढला-घातला की यंत्रे जागी होतात आणि प्रत्येक वेळी पुन्हा थांबावे लागते. त्याऐवजी फ्यूजच्या पाठीवर जी दोन छोटी धातूची टोके उघडी असतात त्यांवर मीटर मिलीव्होल्टमध्ये लावायचा. फ्यूजमधून करंट जात नसेल तर शून्य दिसते. जात असेल तर थोडे मिलीव्होल्ट दिसतात. दहा अँपिअरच्या फ्यूजवर एक मिलीव्होल्ट म्हणजे साधारण सव्वाशे-दीडशे मिलीअँपिअर. काहीही न काढता, न हलवता अख्खा फ्यूजबॉक्स दहा मिनिटांत तपासून होतो. सगळे फ्यूज शून्य आणि तरी करंट जातोच आहे, असे झाले तर फ्यूजबॉक्समधून न जाणाऱ्या जाड तारांकडे वळायचे: स्टार्टर आणि अल्टरनेटर. बॅटरीची केबल सोडवून अल्टरनेटरची जाड तार काढायची, ती उघडी राहू न देता झाकायची आणि पुन्हा मोजायचे. आकडा पडला तर गळती अल्टरनेटरच्या डायोडमध्ये किंवा रेग्युलेटरमध्ये आहे.

सापडणारे गुन्हेगार फार वेगळे नसतात. पहिला मान बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचा. तिची पिवळी तार कायम वीज मागते, तर लाल तार फक्त किल्ली फिरवल्यावर. किल्लीची लाइन शोधायचा कंटाळा आला की बसवणारा दोन्ही तारा एकत्र करून कायमच्या विजेला जोडतो. पडदा काळा दिसतो, पण आतले यंत्र आणि त्याच्या इशाऱ्यावर चालणारा अँप्लिफायर रात्रभर जागे असतात. त्यानंतर डॅशकॅमेरा, ट्रॅकर, स्वस्त रिमोट लॉक. त्यानंतर डिकीचा आणि ग्लोव्हबॉक्सचा दिवा. पाच वॉटचा बल्ब ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. तीन-चार दिवसांत लहान बॅटरी पार उतरते. झाकण लावल्यावर दिवा विझतो का हे कळायला मोबाइलचा व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवणे पुरते. चिकटलेला रिले हाताला कळतो: तासभर उभ्या असलेल्या गाडीत बाकीचे रिले गार आणि एक कोमट. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी हेही नेहमीचे.

सर्वांत त्रास देतो तो अधूनमधून होणारा खर्च. संध्याकाळी मोजले तर चाळीस मिलीअँपिअर, पहाटे तीनला एखादे यंत्र जागे होते आणि परत झोपत नाही. अशा वेळी क्लॅम्प मीटरची कमाल-किमान नोंद रात्रभर चालू ठेवतात. सकाळी कमाल आकडा मोठा दिसला तर दोष खरा आहे एवढे तरी ठरते. मग संशयित उपकरण वेगळे करून पुढच्या रात्री पुन्हा मोजायचे. बाहेरून बसवलेले सगळे आधी सोडायचे, कारण कंपनीच्या मूळ तारांपेक्षा दोष तिथे निघण्याची शक्यता जास्त.

या कामाची एक व्यावहारिक बाजूही आहे. निदानाचा मोठा भाग वाट पाहण्यात जातो आणि बिलावर त्या वाट पाहण्याला नाव नसते. नव्या बॅटरीची किंमत छापील असते, तिच्यात दुकानदाराचा नफा ठरलेला असतो, जुनी बॅटरी शिशासाठी परत घेतली जाते आणि ग्राहक पंधरा मिनिटांत निघतो. दोन तास थांबून दोन तारांची जागा बदलणाऱ्या कारागिराने पैसे मागितले की ‘केले काय?’ असा प्रश्न येतो. त्यामुळे पहिल्या फेरीत बॅटरी बदलण्याकडे धंद्याचा कल असतो आणि खरे निदान दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत होते. तपासणीची मजुरी आधी सांगून, मीटरवरचा आकडा ग्राहकाला दुरुस्तीपूर्वी आणि नंतर प्रत्यक्ष दाखवणारे कारागीर यातून मार्ग काढतात. सातशेचा आकडा डोळ्यांसमोर तीसवर आला की कामाचे मोल वेगळे पटवावे लागत नाही.

सुरक्षेचे नियम थोडे, पण मोडू नयेत असे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ ठिणगी किंवा विडी-सिगारेट नको. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. दुसऱ्या गाडीवरून सुरू करताना शेवटची निगेटिव्ह चिमटी उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या धातूला लावावी. आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत बॅटरी वेगळ्या जातीची असते; तिथे साधी बॅटरी बसवू नये. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते. जुनी बॅटरी भंगारात फेकायची नसते: २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकाने विक्रेत्याकडे ती परत दिली की पुरते.

दुरुस्तीनंतर काम संपत नाही. गाडी पुन्हा झोपू द्यायची आणि पुन्हा मोजायचे. बॅटरी पूर्ण चार्ज करून द्यायची, कारण पार उतरलेली बॅटरी भरणे हे अल्टरनेटरचे काम नाही. तसे केले तर तोही तापून बिघडतो. घड्याळ, काचांची आपोआप वर जाण्याची सोय, रेडिओचा कोड हे पूर्ववत करायचे. आणि चार आकडे बिलाच्या मागे लिहून द्यायचे: निवांत व्होल्टेज, सेल्फ मारतानाचे व्होल्टेज, चार्जिंगचे व्होल्टेज आणि बंद गाडीचा करंट. वर्षभराने तीच गाडी तीच तक्रार घेऊन आली, तर या चारांपैकी कोणता आकडा बदलला ते पाहून शोध कुठून सुरू करायचा हे ठरते.